ठमीचे नऊ टाके

कोंबडी माझी नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. कोंबडी सासूबाईंची. तीन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात टोपली. टोपलीतून ठमी माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. कोंबड्या एका वेळी एकाच डोळ्याने बघतात. माझ्याकडे असं बघणारे तोपर्यंत फक्त आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा येणारे तपासनीस होते.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. गेली सव्वीस वर्षं. कुठल्या गल्लीतल्या नळाला कुठल्या साली कुठल्या व्यासाचा पाइप जोडला, हे विचारा, तिसऱ्या मिनिटाला कागद तुमच्या हातात. अशा माणसाच्या मागच्या अंगणात खुराडं आलं, तर तिथे तक्ता लागणारच. मी मोठ्या पुठ्ठ्यावर फूटपट्टीने रेघा मारून तो केला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. दाणा, पाणी, सफाई, अंडं आणि कडी, असे पाच रकाने. दाण्याची सही सासूबाईंची, पाणी आणि सफाई बायकोची, अंडं ज्याला सापडेल त्याचं, आणि संध्याकाळी साडेसहाला खुराड्याची कडी लावायची सही माझी. कडी हे जबाबदारीचं काम असल्यामुळे मी ते स्वतःकडे घेतलं होतं.

बायको म्हणाली, "एका कोंबडीला पाच रकाने?"

मी म्हटलं, "आज एक आहे म्हणून पाच. उद्या दोन झाल्या तर गोंधळ होईल."

सासूबाईंना तक्त्याची गरजच नव्हती. त्यांच्या डोक्यात सगळं असायचं. नात्यातल्या साठ-सत्तर माणसांचे फोन नंबर, वाढदिवस, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, कुणी कुणाकडून कधी छत्री नेली आणि परत दिली नाही, सगळं. आमच्या घरात फोन नंबर कुणी लिहून ठेवत नाही. सासूबाईंना विचारायचं. शहात्तराव्या वर्षी त्यांना अभिमान असेल तर तो एवढ्याच गोष्टीचा. गुडघे गेले, दात गेले, पण डोकं शाबूत आहे, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि पुरावा म्हणून समोरच्याच्या लग्नाची तारीख सांगायच्या.

आता एक खासगी गोष्ट. सही रोजच्या रोज करणारा माणूस मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही. काही जण शनिवारी बसून मागच्या सगळ्या सह्या करतात. मला ते पटत नाही, ती चालढकल झाली. मी आठवड्याच्या सुरुवातीलाच सातही दिवसांच्या सह्या करून टाकतो. म्हणजे राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. सही म्हणजे काम झालं असं नव्हे, काम होणार आहे असा माझा माझ्यावरचा विश्वास. त्यामुळे दर रविवारी सकाळी चहा घेऊन मी तक्त्यासमोर उभा राहायचो आणि कडीच्या रकान्यात खालपर्यंत सात सह्या ठोकायचो. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझी सही फार सुबक आहे, माणसं तिच्याकडेच बघत राहतात.

त्या गुरुवारी साडेसहाला मी कुंपणापाशी उभा होतो. पलीकडे शेजारचे ड्रिलमास्तर होते. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण शिटी अजून गळ्यात असते. त्यांच्या घराची कागदपत्रं सापडत नव्हती, म्हणून मी त्यांना नोंदी ठेवण्याचं महत्त्व समजावून सांगत होतो. मी म्हटलं, मास्तर, माणूस विसरतो, कागद विसरत नाही. ते मान डोलवत होते. मला रंग चढला. साडेसहाचे सात कधी झाले कळलं नाही, आणि मग बायकोने हाक मारली म्हणून मी सरळ आत जाऊन बातम्या बघायला बसलो.

सव्वासातला मागून जो आवाज आला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही. आम्ही तिघेही धावलो. आमच्या गल्लीत एक पिवळा बोका आहे, सगळ्यांचा मिळून एक. तो खुराड्यातून निघाला आणि भिंतीवरून शांतपणे, मागे न बघता निघून गेला. आत कोपऱ्यात पिसांचा ढीग होता आणि ढिगाखाली ठमी होती. पाठीवरची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत उसवली होती, आणि एक पंख लोंबत होता. डोळा उघडा होता. तोच, माझ्याकडे बघणारा.

सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी तिला पदरात घेतलं. मग त्यांनी दाराकडे बघितलं. कडी खाली लोंबकळत होती.

"कडी काढलेली आहे," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात बायको धावत स्वयंपाकघरात गेली, तक्ता बघून आली आणि म्हणाली, "यांनी लावली होती. सही आहे आजची."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्यानंतर मीच आले असणार. तिला बघायला येते मी कधी कधी. कडी काढली असेन आणि लावायची राहिली असेल." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण आल्याचं मला आठवतच नाहीये गं."

मी तोंड मिटलं. तेव्हा मला वाटलं, आता कोंबडीचा जीव महत्त्वाचा, तपशील उद्या सांगू. ऑफिसात असे उद्यावर टाकलेले कागद कपाटामागे किती सापडतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

बातमी कुंपणावरून पलीकडे गेली आणि सल्ले यायला लागले. ड्रिलमास्तर म्हणाले, तिला उभी करा, आडवी राहिली तर रक्त साकळतं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, उभी करू नका, रेडिओ लावा, प्राण्यांना माणसांचे आवाज ऐकले की धीर येतो. समोरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, फाटलंय ना, मग मी येऊ का सुई घेऊन. त्या गंभीरपणे म्हणत होत्या. शेवटी सासूबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं, कोमट पाण्यात मीठ घालून जखम धुतली, आणि ठमीला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मोरीत खोक्यात ठेवलं. शेजारी रेडिओ लावला. त्यावर शेअर बाजाराचा आढावा चालू होता. ठमीने डोळे मिटले.

सकाळी ती जिवंत होती. मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि सासूबाईंना व टोपलीला घेऊन रिक्षाने जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथे तीन खिडक्या होत्या. मोठी जनावरं, लहान जनावरं आणि कुक्कुट. आम्ही अर्थातच कुक्कुटच्या रांगेत लागलो. रांगेत आम्हीच होतो. आतल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

"एकूण पक्षी किती?"

"एक."

"म्हणजे आजारी एक. एकूण किती?"

"एकूणच एक."

त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, हा विभाग पन्नास पक्ष्यांच्या वरचा आहे. साथ आली, मरतूक झाली, की आमचा माणूस जाऊन बघून येतो. मेलेले किती आहेत तुमचे?"

"अजून एकही नाही."

"मग आमच्यात बसत नाही," तो म्हणाला. "लहान जनावरांत बघा."

लहान जनावरांच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, लहान जनावर म्हणजे कुत्रा, मांजर, ससा. पंख असले की कुक्कुट. मी परत कुक्कुटला गेलो. चौथ्या फेरीला मी त्या कारकुनाला फॉर्म उलटा करायला सांगितला. तळाशी बारीक अक्षरात 'इतर' असा रकाना होता. असा रकाना प्रत्येक फॉर्मवर असतोच, फॉर्म बनवणाऱ्यांनाही माणसांची भीती वाटते. तो चकित झाला. नऊ वर्षं तो त्या खिडकीत होता आणि त्याने फॉर्मची मागची बाजू बघितली नव्हती. मला क्षणभर फार बरं वाटलं.

"पाळण्याचा उपयोग?" त्याने पुढे विचारलं. "अंडी की मांस?"

"सोबत," मागून सासूबाई म्हणाल्या.

"सोबत असा पर्याय नाही, आजी."

मी 'अंडी'वर खूण केली. सासूबाई टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिल्या.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बाह्या वर केलेली. तिने ठमीला टेबलावर घेतलं, जखमेभोवतीची पिसं कापली, आणि मी खिडकीबाहेरचं झाड बघत असताना नऊ टाके घातले. पंख मोडला नव्हता, मुरगळला होता. ती म्हणाली, "दिवसातून दोनदा धुवायचं, मलम लावायचं, माशी बसू द्यायची नाही. माशी बसली तर संपलं. पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब. पहिल्या चार दिवसांत खाल्लं तर वाचेल. बाराव्या दिवशी टाके काढू." मग सुई पुसता पुसता तिने विचारलं, "खुराडं उघडं कसं राहिलं?"

"माझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. "यांनी लावली होती कडी. मी काढली आणि विसरले. मला हल्ली आठवत नाही."

हल्ली म्हणजे काल सव्वासातपासून. पण मी काही बोललो नाही. डॉक्टरच्या हातात अजून सुई होती.

आता धुण्याचं काम दोन माणसांचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. बायकोच्या शाळेत परीक्षा चालू, तिला जागचं हलता येईना. म्हणजे मी. शनिवार-रविवार कसेबसे निभावले, आणि सोमवारी मी दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला. आमचा रजेचा अर्ज मीच सहा वर्षांपूर्वी नव्याने आखला आहे. त्यात 'कुटुंबीयांची शुश्रूषा' असा पर्याय आहे आणि पुढे 'नाते' असा चौकोन. त्या चौकोनात माणूस कोंबडी कसं लिहिणार? आणि 'इतर' हा पर्याय मीच काढून टाकला होता, कारण लोक त्याचा गैरफायदा घेतात. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग कोंबडी ज्यांची त्यांचं नातं लिहिलं. सासू.

साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "सासूबाईंसाठी रजा," ते म्हणाले. "या काळात. काय होतंय त्यांना?"

मी म्हटलं, "तसं काही नाही. जरा बघावं लागतं. एकटं सोडता येत नाही."

हे मी ठमीबद्दल बोलत होतो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी असा हात कुणाच्या खांद्यावर ठेवलेला मी पाहिला नव्हता.

पुढचे दिवस मी सांगतो, पण ऑफिसात सांगू नका. सकाळी आठला जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरायचा. सासूबाई ठमीला छातीशी धरायच्या, मी कापूस बुडवून टाक्यांवरून फिरवायचो. पहिल्या दिवशी तिने माझ्या ऑफिसच्या पँटवर काय केलं ते ओळखा. दुसऱ्या दिवशी मी रेनकोट घालून बसलो, तर घाबरून तिने धड पंख असा फडफडवला की टेबलावरचे सगळे कप खाली. तीन दिवस तिने काही खाल्लं नाही. भिजवलेलं धान्य नाही, पाव नाही, काही नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून बोटावर घेतला. मला ते बरं दिसेना. मी म्हटलं, "अहो, तिचंच आहे ते." सासूबाई म्हणाल्या, "मग परत तिच्यातच जाऊ दे." ठमीने बोटाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि टोचलं. मग पुन्हा टोचलं. मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि हे मी कबूल करतो.

माश्यांसाठी समोरच्या शिवणकामवाल्या बाई टेप घेऊन आल्या. "झबलं शिवते," त्या म्हणाल्या. "छाती किती?" मी म्हटलं, तुम्हीच मोजा. त्यांनी तीन वेळा मोजली, कारण ठमी दर श्वासाला वेगळी भरत होती. "बाह्या ठेवू का? बंद पाठीवर की पोटावर? फुलाफुलांचं चालेल?" मी फुलं नकोत म्हटलं, आजारपणात साधं बरं. दुपारी झबलं आलं, ते फुलाफुलांचंच होतं. शिवाय खिसा होता. खिसा कशाला, विचारलं तर म्हणाल्या, सवय.

इतकं सगळं नीट चाललं होतं. ठमी सुधारत होती आणि सासूबाई बिघडत होत्या.

सुरुवात चिठ्ठ्यांपासून झाली. एक दिवस मला गॅसच्या बाजूला कागदाचा कपटा दिसला. 'दूध तापवलं.' अक्षर सासूबाईंचं. मग मोरीच्या दारावर, 'ठमीला औषध दिलं, सकाळचं.' मग चष्म्याच्या डबीत ठेवलेली एक, 'आज बुधवार.' ज्या बाईने जन्मात काही लिहून ठेवलं नाही, ती बाई आता गोळी घेतल्यावर लिहायची आणि लिहिल्यावर पुन्हा वाचून बघायची. आत्याच्या मुलीने फोनवर कुणाचा तरी नंबर विचारला, तर त्यांनी अर्धा सांगितला आणि थांबल्या. "नक्की नाही गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी विचार." मग त्यांनी पत्र्याच्या पेटीची किल्ली बायकोला देऊन टाकली. माझ्याकडून हरवेल, म्हणाल्या.

त्या दिवशी बायको मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिचा आवाज बसला होता. "आईचं काहीतरी होतंय," ती म्हणाली. "कडीपासून चालू झालंय. परीक्षा संपली की तिला डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊ या का?"

तेव्हा सांगायचं होतं. मला कळत होतं. पण कबुलीचं एक असतं, ताजी असते तोवर ती चूक असते, शिळी झाली की गुन्हा होतो. सात दिवसांची शिळी कबुली बायकोसमोर ठेवायची, तीही तक्ता ज्याने टांगला त्याने, तीन वर्षं ज्याने घरातल्या प्रत्येकाला नोंदींवर भाषणं दिली त्याने. मी मनाशी ठरवलं, टाके निघू देत. ठमी बरी झाली की आनंदाच्या भरात सांगून टाकू. आनंदात माणसं माफ करतात.

"परीक्षा संपू दे," मी म्हटलं.

आणि दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला, दारात साहेब उभे. बरोबर आमच्या आवक-जावकच्या बाई. हातात फळांची परडी, थर्मासमध्ये सूप, आणि चेहरे माणूस दवाखान्यात जाताना करतो तसे.

"आता कसं आहे?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

बायको म्हणाली, "आता उभी राहते. काल दोन पावलं चालली."

आवक-जावकच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. चालता पण येत नव्हतं?"

"पाठीला नऊ टाके होते," बायको म्हणाली. तिला काय माहीत मी अर्जात काय लिहिलंय.

मी मध्ये पडून चहाचं विचारणार, इतक्यात सासूबाई आतून बिस्किटांची ताटली घेऊन आल्या. स्वतःच्या पायांनी, ताठ. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अचानक सगळं समजल्यासारखं दिसलं. शरीर ठीक आहे, म्हणजे ते दुसरं. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः पुढ्यात वाकले आणि एकेक शब्द सोडवत मोठ्याने म्हणाले, "आजी. मला. ओळखलंत का?"

सासूबाई दचकल्या. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "घाई नाही. आज वार कोणता आहे, सांगता येईल?"

कुठलाही माणूस अशा प्रश्नावर हसला असता. दहा दिवसांपूर्वी सासूबाईंनी साहेबांना वार सांगून वर साहेबांच्या जन्माचा वारही काढून दिला असता. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्म्याची डबी काढली, उघडली, आतली चिठ्ठी हातात धरून वाचली, आणि शाळेतल्या मुलीसारखं सांगितलं, "शनिवार."

चिठ्ठी कालची होती.

आवक-जावकच्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. बायको भिंतीकडे वळली. आणि सासूबाईंना कळलं की चुकलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "धीर धरा. तुमच्यासारखा जावई आहे, हे त्यांचं नशीब."

मला ते सहन झालं नाही. मी उठून उभा राहिलो. का उभा राहिलो माहीत नाही, बसूनही सांगता आलं असतं.

"कडी मी लावलीच नव्हती," मी म्हटलं.

"कसली कडी?" साहेब म्हणाले.

"खुराड्याची. त्या गुरुवारी. मी ड्रिलमास्तरांशी बोलत बसलो आणि विसरलो. सासूबाई मागे गेल्याच नव्हत्या. त्यांना आठवत नाही, कारण तसं काही घडलंच नाही. त्यांचं डोकं ठणठणीत आहे. आणि रजा मी कोंबडीसाठी घेतली आहे. ती आत मोरीत आहे. झबलं घालून."

एवढ्या सगळ्यातून सासूबाईंनी एकच गोष्ट उचलली. "म्हणजे कडी मी काढली नव्हती?"

"नाही."

"मी गेलेच नव्हते मागे?"

"नाही गेलात."

"आणि मग तुमची सही कशी काय?" बायकोने विचारलं. तिचा आवाज आता बसलेला नव्हता.

"ती रविवारची होती," मी म्हटलं. "सगळ्या आठवड्याची मी रविवारीच करतो."

साहेबांनी बिस्कीट ताटलीत परत ठेवलं. "ऑफिसातल्या पण?" त्यांनी हळूच विचारलं. सव्वीस वर्षांची अब्रू अशी एका वाक्यात जाते, आणि तीही फुलाफुलांच्या झबल्यातल्या कोंबडीपायी.

मला वाटलं आता सासूबाई रडतील, किंवा उठून आत जातील, किंवा दोन्ही. त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी ती चिठ्ठी नीट चार घड्या करून फाडली, तुकडे चहाच्या बशीत टाकले, आणि पाठ सरळ करून साहेबांकडे बघितलं.

"तुम्हाला न ओळखायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात, यांच्या बढतीच्या वेळी. निळा शर्ट होता, वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाचं. चहात साखर नको म्हणालात आणि बिस्किटं सात खाल्लीत. जाताना आमची छत्री नेलीत. काळी, लाकडी मुठीची. ती अजून आलेली नाही."

साहेब लाल झाले. "आहे," ते म्हणाले. "घरी आहे. मला वाटत होतं कुणाची आहे ही."

"आणि आज रविवार आहे," सासूबाई म्हणाल्या. "तो मला माहीत होता. विश्वास नव्हता एवढंच."

बायको हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, पेटीची किल्ली आणून आईच्या हातात ठेवली, आणि मला काय बोलायचं ते संध्याकाळसाठी राखून ठेवलं. ते तिच्या नजरेत मला स्वच्छ वाचता येत होतं.

मी सासूबाईंसमोर गेलो. "चुकलो," मी म्हटलं. "दहा दिवस तुम्हाला उगाच घाबरवलं. माझ्या नाकासाठी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. बावीस वर्षं त्या मला अहो-जाहो करत आल्या आहेत, जावई म्हणून एक शब्द कधी वावगा बोलल्या नाहीत. "बस इथे," त्या म्हणाल्या. "समोर बस. तू काय काय विसरलास ते आता मी तुला सांगते."

आणि त्यांनी सुरुवात केली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यापासून. मी बायकोला घ्यायला येतो म्हणालो आणि बस स्टँडवर ती अडीच तास उभी होती, ती तारीख, तो वार, तिच्या हातातल्या पिशवीत काय होतं ते. मग सासऱ्यांचा चष्मा, जो मी दुरुस्तीला नेला. मग त्यांच्या धाकट्या बहिणीचा पत्ता, जो मी चुकीचा लिहिला आणि सगळी पत्रं चार वर्षं एका बेकरीत जात होती. एकही तारीख अडली नाही, कुठेही त्या थांबल्या नाहीत, एकदाही डबीकडे हात गेला नाही. आवाज चढत गेला, गालावर रंग आला. आवक-जावकच्या बाईंनी सूप वाट्यांत वाढलं. साहेब उठायला तयार नव्हते, एका ठिकाणी तर त्यांनी विचारलं, मग पुढे काय झालं. पहिल्या वर्षावरून दुसऱ्या वर्षावर यायला सासूबाईंना पाऊण तास लागला. मी मान खाली घालून सगळं ऐकत होतो, अजून वीस वर्षं बाकी होती, आणि खरं सांगतो, गेल्या दहा दिवसांत मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.